गोयंदा मेस्ताचं दोन माणसांचं विमान

"उतर! आधी खाली उतर! लक्ष्मण आस, नाय तर प्रत्यक्ष विष्णू आस, माझ्या शेपटेवरचो पाय काढ!"

डिचोलीच्या शिगम्याची मिरवणूक भर बाजारात अडली होती. ढोल थांबले होते, ताशे थांबले होते, आणि एका खाणीच्या ट्रकवर चढवलेल्या विमानात बसून गोयंदा मेस्त मागे वळून ओरडत होते. त्यांचा आवाज असा, की पलीकडच्या डोंगरावर चरणाऱ्या म्हशींनी माना वर केल्या म्हणतात. विमानाच्या शेपटीवर, आडव्या पंखावर, लक्ष्मण उभा होता. हातात धनुष्य, तोंडाला निळा-पिवळा रंग. मेस्तांच्या शेजारच्या सीटवर राम बसला होता आणि सीता त्याच्या मांडीवर बसावं की नाही या विचारात होती.

"उतरतंय, मेस्तांनू, उतरतंय!" लक्ष्मण म्हणाला आणि उतरायच्या घाईत त्याचा पाय कापडातून आरपार गेला. चर्रर्र.

तो आवाज मी आयुष्यात विसरणार नाही. आणि त्यानंतर गोयंदा मेस्तांनी जे शब्द उच्चारले ते मी लिहू शकत नाही. मी शाळामास्तर आहे.

झालं होतं ते असं. दुसऱ्या दिवशी सकाळी सुर्ल्याच्या सड्यावर, डोंगरमाथ्याच्या मोकळ्या सपाट कातळावर, सरकारी साहेब विमान तपासायला येणार होता. विमान बांधलेलं होतं मेस्तांच्या डिचोलीच्या घरामागे. ते पंख सोडवून, गाद्यांत गुंडाळून, ट्रकवर घालून न्यायचं होतं. मेस्तांनी दिवस निवडला तो नेमका शिगम्याचा, कारण पंचांग आणि कॅलेंडर या दोन गोष्टी त्यांनी लग्नानंतर पाहिलेल्या नव्हत्या. दोऱ्यांवर विश्वास नाही म्हणून स्वतः विमानात बसून निघाले. बाजाराच्या तोंडाशी पोलिसानं ट्रकवर रंगवलेली मोठी वस्तू पाहिली, शिट्टी मारली आणि सांगितलं, "चित्ररथ हयसून!" झाला ट्रक मिरवणुकीत दाखल. पुढे एका मंडळाचा पुष्पक विमानाचा चित्ररथ होता, त्याच्या गाडीचा एक्सल पुलापाशीच मोडलेला. राम, लक्ष्मण, सीता रंगरंगोटी करून रस्त्यात उभे. आणि समोरून साक्षात विमान आलं. आता त्यांनी काय करायचं? तुम्ही असता तर तुम्हीही चढला असता.

ट्रक व्यासपीठासमोर पोचला तसे समितीचे अध्यक्ष माइकवरून गरजले, "प्रथम क्रमांक, पुष्पक विमान!"

मेस्त विमानातून उतरले आणि थेट व्यासपीठावर चढले. "ह्या विमान! खरा विमान! सकाळी सायब येतलो तपासूक!"

"अहो मेस्त, खरंच वाटतंय! म्हणूनच तर पहिलं दिलं!"

"माका नको पयलां. नाव खोड!"

"परीक्षकांचा निर्णय अंतिम असतो," अध्यक्ष म्हणाले आणि मेस्तांच्या गळ्यात हार घातला. मेस्तांनी तो काढून अध्यक्षांच्या गळ्यात घातला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग.

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे परवा पणजीत, सरकारी कचेरीच्या पायरीवर, एका चांगल्या शिकल्यासवरल्या गृहस्थानं मला विचारलं, "गोयंदा मेस्त म्हणजे ते चित्ररथवाले ना?" माझ्या हातात छत्री होती. ती मी वापरली नाही याचं मला अजून वाईट वाटतं.

चित्ररथवाले!

तर ऐका. गोयंदा मेस्त मूळचे मांद्र्याचे. पिढीजात सुतार. बाप होड्या बांधायचा. महायुद्ध संपलं त्याच सुमाराला हा मनुष्य घरातून पळाला तो दक्षिणेतल्या एका विमान कारखान्यात जाऊन लागला. तेव्हा तिथे एक छोटं विमान आखलं जात होतं. लढाईचं नव्हे, शिकाऊ माणसाला शिकवायचं आणि शिकून झाल्यावर हौशीनं गावोगाव हिंडायचं. दोन माणसं, एक लहान इंजिन, बाकी लाकूड, कापड आणि सरस. लाकूड आणि सरस म्हटल्यावर मेस्त हवेतच.

लाकडाशी त्यांचं वागणं विलक्षण होतं. बोटाच्या पेरानं टकटक करायची आणि कान लावायचा. फळीवर टकटक, दारावर टकटक, देवळाच्या खांबावर टकटक. माझ्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा खुर्चीवर बसण्याआधी तिला ठोकून पाहिलं आणि उभेच राहिले. मी हसलो. पुढच्या आठवड्यात त्या खुर्चीवर आमचे शिक्षणाधिकारी बसले आणि जमिनीवर आले.

दुसरी सवय वजनाची. "वजन काढ" हे त्यांचं एकच तत्त्वज्ञान. विमानात जे काम करत नाही ते विमानात नको, आणि मेस्तांच्या मते सगळं जगच विमान होतं. कपाटाला भोकं, पाटाला भोकं, स्वतःच्या चपलेला भोकं. एकदा त्यांच्या बायकोच्या, आमच्या वैनींच्या, आडोळीच्या लाकडाला त्यांनी मोजून एकोणीस भोकं पाडली. वैनी तिच्यावर बसून नारळ किसायच्या.

"घोवानं माझ्या बसण्याची चाळण केली," वैनी शेजारणींना सांगायच्या.

"पण उचलूक हलकी झाली मगे?" मेस्त आतून विचारायचे.

"होय तर! आता उडतली! नारळ खवतना धरून ठेवूक लागतली!"

कारखान्यातली गोष्ट मी त्यांच्या तोंडून निदान चाळीस वेळा ऐकली, आणि प्रत्येक वेळी ती थोडी वाढायची. मी सांगतो तेव्हाही ती थोडी वाढते, हा माझा दोष नाही, ती गोष्टच तशी आहे. पहिल्या नमुन्यात दोन सीट एकामागे एक होत्या. पुढे शिष्य, मागे गुरू. मेस्त म्हणायचे, "मागसून गाळी घातल्यार शिकता कोण? बापायन माका रंधो शिकयलो तो बाजूक बसान. हात बघूक मेळाक होयो." त्यांनी हे कारखान्यातल्या मोठ्या साहेबाला तोंडावर सांगितलं म्हणे. साहेबानं आधी हाकलून दिलं आणि महिन्याभरानं दुसरा नमुना निघाला त्यात सीट शेजारी शेजारी. साहेबाला ही बुद्धी कुठून झाली हे साहेबच जाणे. मेस्तांच्या मते एकाच ठिकाणाहून झाली.

दुसऱ्या नमुन्याच्या चाचण्या सुरू झाल्या तेव्हा शेजारच्या सीटवर माणसाच्या वजनाची वाळूची पोती ठेवायचे. पोती सरकायची, फुटायची. वैमानिक वैतागला आणि म्हणाला, त्यापेक्षा तो सुतार बसवा, तो निदान बांधून घेईल. अशा रीतीनं गोयंदा मेस्त हवेत गेले: वजन म्हणून. कागदावर त्यांचं नावही नसायचं, नुसतं "वजन" लिहिलेलं असायचं. पण शेजारी बसल्यामुळे हात दिसायचे. वैमानिक भला माणूस. वर गेल्यावर म्हणायचा, धर. मेस्त धरायचे. किती तास धरलं हे कुठेच लिहिलेलं नाही, कारण वजनाला तास नसतात.

एकदा विमान गिरकीत सापडलं. नाक खाली, शेपूट वर, आणि भोवऱ्यासारखं गरगर. शिकाऊ विमानाला गिरकी मुद्दाम घालायची असते आणि त्यातून बाहेरही यायचं असतं. पण हे काही केल्या बाहेर येईना. सुकाणू मारलं तरी शेपूट ऐकेना. वैमानिक ओरडला, "मेस्त, पुढे वाक!" मेस्तांनी पट्टा सोडला आणि सगळं पोट समोरच्या उंची-वेगाच्या घड्याळांवर टाकलं. तेवढ्यानं नाक झुकलं आणि विमान सुटलं. खाली उतरल्यावर आखणी करणाऱ्यांनी शेपटीचं सुकाणू मोठं केलं.

"कितकां मोठा?" मी विचारायचो.

"माझ्या पोटाइतक्यां."

मी ज्या मेस्तांना पाहिलं ते छत्रीच्या काडीसारखे होते. मी तसं म्हटलं की ते रागावायचे. "तेवा आसलां. मगे देशाक दिलंय."

आणि मग त्या विमानाचं काय झालं? सांगतो, आणि सांगताना माझी नाडी वाढते. इंजिन बदललं, चाकं बदलली, शेपूट बदलली, पाच-सहा वर्षं माणसं राबली, विमान साधं, शहाणं, प्रेमळ झालं. थोडी बांधून निरनिराळ्या शहरांत शिकवायला पाठवली. मग वर कुणीतरी ठरवलं की बाहेरून तयार विमानं आली की काम सोपं. झालं, बांधणी बंद. विमानं छपराविना पावसात कुजली. मेस्तांनी हातानं घासलेल्या फासळ्यांत घुशींनी पिल्लं घातली. भिंतीवर एक पितळी पाटी लागली, तिच्यावर बारा साहेबांची नावं. सुताराचं एकही नाही. ज्या माणसाच्या पोटामुळे शेपूट मोठी झाली त्याचं नाव नाही!

गोवा मोकळा झाल्यावर मेस्त परत आले. सुर्ल्याला खाणीच्या कारखान्यात ट्रकांचे हौदे दुरुस्त करायला लागले, डिचोलीत घर केलं. आणि घरामागे, माडांच्या मधे, डोक्यातल्या आराखड्यावरून तेच विमान पुन्हा बांधायला घेतलं. इंजिन कोल्हापूरकडच्या एका मोडीत निघालेल्या विमानाचं. ते मासळीच्या परतीच्या गाडीतून आलं, त्यामुळे पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा सगळ्या आळीत बांगडे भाजल्याचा वास सुटला आणि मांजरं जमली.

कशासाठी बांधताय, असं लोक विचारायचे. शेजारच्या सीटवर कोणाला बसवणार, हेही विचारायचे. प्रत्येकाला वाटायचं, मला. मेस्त खेकसायचे, "ती सीट फिरूक न्हय! शिकूक! ह्या गोंयात दर्यार जाऊक शिकयतत, मातीत जाऊक शिकयतत. वयर जाऊक कोण शिकयता?" त्यांना एवढंच हवं होतं. सरकारचा एक कागद, की हे विमान आहे आणि यात बसून माणसाला शिकवायला हरकत नाही.

ते भाषेच्या भांडणाचे दिवस होते. घराघरांत दोन पक्ष. दोन्ही पक्षांची माणसं मेस्तांच्या शेडमध्ये आली, की घड्याळांखालची अक्षरं मराठीत हवीत, नाही कोंकणीतच हवीत. पाऊण तास वाद चालला. मेस्त रंधा मारत होते. शेवटी त्यांनी रंधा आपटला.

"गिरकी बसली मगे तुम्ही खंयच्या भाशेत बोंब मारतलास, ती आधी ठरवा. तीच लिवतंय."

सगळे गेले. मेस्तांनी डाव्या सीटसमोर मराठी रंगवली, उजव्या सीटसमोर कोंकणी. दोन्हीकडचे नाराज झाले. तेव्हा माझी खात्री पटली की न्याय झाला.

कागदासाठी पत्रं मी लिहायचो. पहिलं पत्र मी तीन पानी लिहिलं. मेस्तांनी वाचून घेतलं आणि म्हणाले, "वजन काढ." मी "सविनय" काढलं. "आणखी काढ." मी देशप्रेम काढलं. "आणखी." अखेरीस उरलं ते असं: विमान तयार आहे. या.

आणि नवल म्हणजे साहेब आला! शिगम्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, सड्यावर, अंगात कोट घालून, सुर्ल्याच्या लाल धुळीत. तोवर शेपटीला ठिगळ बसलं होतं. ते मेस्तांनी लावलं आणि कापड ताणून धरलं लक्ष्मणानं. लक्ष्मण म्हणजे पांडू धुरी, दोडामार्गाकडचा, खाणीवर खनिजाचा ट्रक चालवायचा. तोंडाचा निळा रंग तसाच ठेवून तो सड्यावर हजर झाला होता. "माका गाळी घाला, मेस्तांनू, पण काम द्या," म्हणाला. मेस्तांनी दोन्ही दिलं.

साहेबानं प्रत्येक सांधा पाहिला. डिचोलीच्या बाजारातून आणलेले सुपारीचे तीन वजनकाटे तीन चाकांखाली लावून वजन केलं. सुकाणू हलवलं, तारा ओढल्या. मग बोटाच्या पेरानं फासळीवर टकटक केली आणि कान लावला. मेस्तांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत कुणाबद्दल आदर मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

"काम उत्तम आहे," साहेब म्हणाला. "मी तसं लिहितो. कागद येईल."

मग गोव्याचं वेगळं राज्य झालं. फटाके वाजले, मिठाई वाटली. विमान पंख सोडवून पुन्हा घरामागच्या शेडमध्ये आलं होतं. मेस्तांनी शेडवर झेंडा लावला, काठीला भोकं पाडून. पांडू रोज कामावरून सुटला की येऊन शेजारच्या सीटवर बसायचा आणि जमिनीवरच धडे घ्यायचा. "नाक वयर. आता खाली. अरे खाली म्हणजे ट्रकाचो ब्रेक न्हय रे, म्हशी!" वैनी चहा आणून द्यायच्या आणि दोघांना विचारायच्या, "खंय पोचलात? पेडण्यां की सावंतवाडी?"

कागद आला. मीच वाचला, आणि मोठ्यानं वाचताना माझा आवाज मला परका वाटला. लिहिलं होतं: गोव्याचा कारभार बदलल्यामुळे जुनं प्रकरण निकाली काढण्यात आलं आहे. नव्यानं चौकशी करता असं दिसून येतं की सदर वस्तू स्थानिक मिरवणुकीत शोभेचा देखावा म्हणून सादर झाली असून तिला प्रथम क्रमांक मिळाला आहे. सोबत वर्तमानपत्राचं कात्रण. शोभेचे देखावे या खात्याच्या कक्षेत येत नाहीत.

कात्रणातल्या फोटोत राम होता, सीता होती, आणि हार परत करणारे मेस्त होते. साहेबाच्या अहवालाचा उल्लेख नव्हता. त्या भल्या माणसानं लिहिलेलं "उत्तम" कुठल्या खणात गेलं कोण जाणे! मी समितीच्या अध्यक्षांकडे धावत गेलो, म्हटलं, बक्षीस रद्द केल्याचं दोन ओळींचं पत्र द्या. ते म्हणाले, "मास्तर, एकदा दिलेलं बक्षीस रद्द केलं तर मंडळाची अब्रू काय राहील?" मंडळाची अब्रू! मी त्यांच्या टेबलावर असा हात आपटला की शाईची दौत उडून त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर पडली. ती आपोआप पडली, असं मी तेव्हाही म्हटलं होतं.

मला वाटलं, मेस्त आता ओरडतील. आळी तयारीत होती. वैनींनी भांडी आत नेली होती. पण मेस्तांनी पत्र घडी करून खिशात ठेवलं आणि शेपटीवरचं ठिगळ ठोकून पाहिलं.

"पांडू," ते म्हणाले, "आयतवारी खाण बंद मगे?"

"होय."

"येतलंस?"

पांडूनं सीटकडे बोट केलं. "शेजारी?"

"मगे काय शेपटेर?"

रविवारी सकाळी सुर्ल्याच्या सड्यावर निम्मं डिचोली जमलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं, म्हणून सगळ्यांना कळलं होतं. मेस्त डाव्या सीटवर, पांडू उजव्या. वैनी माझ्या शेजारी, पदर तोंडात. इंजिन लागलं. लाल धूळ उठली, इतकी की क्षणभर काहीच दिसेना, आणि धूळ बसली तेव्हा सड्यावर चाकांच्या दोन रेघा होत्या आणि त्या मध्येच संपल्या होत्या.

किती उंच गेलं? माझ्या अंदाजानं ढगांच्या जरा वर. पांडू म्हणतो माडाएवढं. वैनी म्हणतात केळीएवढं, पण त्यांनी डोळे मिटले होते. सड्याच्या टोकाला वळलं, दरीवरून गेलं, खालच्या मळ्यातली माणसं नांगर सोडून उभी राहिलेली मी पाहिली. मग परत आलं, एकदा टेकलं, उडी मारून पुन्हा टेकलं आणि थांबलं. मी रडत होतो हे मी नाकबूल करतो. धूळ होती.

तेवढ्यात पोलिसांची जीप चढून आली. हवालदार उतरला. ओळखीचाच, पण हातात वही.

"विमान उडवलं अशी तक्रार आहे. परवान्याशिवाय. उडलं का?"

"छे!" जमलेली सगळी माणसं एका सुरात म्हणाली. डिचोली त्या वर्षात एका सुरात बोलल्याचं हे एकच उदाहरण.

"धावला नुसतां," कुणीतरी म्हणालं.

"धावतना इंजिनाचो आवाज मोठो," दुसरा म्हणाला.

हवालदाराला बरं वाटलेलं दिसलं. तो वहीत "धावले" लिहायलाच लागला होता. पण कायद्यानं मालकाला विचारणं भाग. मेस्त अजून आपल्या सीटवरच बसले होते, दोन्ही हात दांड्यावर. शेजारी पांडू, तोंड पांढरं, आपले हात मेस्तांच्या हातांसारखेच धरलेले. मागून मी खुणा करत होतो, वैनी खुणा करत होत्या, अख्खा सडा ओठांवर बोट ठेवून उभा होता.

"मेस्त, तुम्ही सांगा," हवालदार म्हणाला. "काय झालं?"

मेस्तांनी डाव्या पंखाच्या टोकाकडे पाहिलं.

"वयर गेल्यार जरासा डावीकडे ओढता," ते म्हणाले.